पडद्यावरचा वाघ कितीला पडतो? व्हीएफएक्स प्रोड्यूसरच्या कामाची ओळख

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 'एव्हीजीसी-एक्सआर' धोरण मंजूर केलं. ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि आभासी वास्तवाचं तंत्र, या सगळ्यांची मोट म्हणजे हे लांबलचक नाव. आराखडा 3,268 कोटी रुपयांचा, आणि सोबत मोठ्या रोजगाराचं आश्वासन. त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र टेक्निकलर हा या क्षेत्रातला जगातला एक जुना आणि बलाढ्य समूह कोसळला होता. त्याच्या एमपीसी आणि द मिल या नामांकित स्टुडिओंची दारं बंद झाली. बंगळुरू आणि मुंबईतली त्यांची ऑफिसंही त्यात गेली आणि हजारो लोक अचानक घरी बसले.

बारावीनंतर मुलीला ॲनिमेशनच्या क्लासला घालावं का, असा विचार करणाऱ्या आईवडिलांनी यातली कुठली बातमी खरी मानायची? दोन्ही खऱ्या आहेत. एकच धंदा एकीकडे वाढतो आणि दुसरीकडे बुडतो, हे कसं, ते समजून घ्यायचं तर त्यातलं एक विशिष्ट काम समजून घ्यावं लागतं. ते काम करणाऱ्याचं नाव शेवटच्या श्रेयनामावलीत येतं, पण तोवर प्रेक्षक पार्किंगमध्ये पोचलेले असतात. ते काम म्हणजे व्हीएफएक्स प्रोड्यूसरचं.

## आधी शॉट म्हणजे काय ते पाहू

कॅमेऱ्याने जे टिपता आलं नाही, किंवा टिपणं धोक्याचं वा खर्चाचं होतं, ते नंतर कॉम्प्युटरवर तयार करून चित्रात बेमालूम मिसळायचं, याला व्हिज्युअल इफेक्ट्स ऊर्फ व्हीएफएक्स म्हणतात. या कामाचा हिशोब मिनिटांत होत नाही, शॉटमध्ये होतो. दोन कटांच्या मधला चित्रपटाचा तुकडा म्हणजे शॉट. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं जातात, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटमध्ये 96 चित्रं. ती सगळीच्या सगळी बरोबर दिसावी लागतात. पंचाण्णव जमली आणि एक चुकलं, तर डोळा नेमका तिथेच अडखळतो.

"कॉम्प्युटरच करतो ना सगळं?" हा प्रश्न या लोकांना नातेवाइकांकडून कायम ऐकावा लागतो. कॉम्प्युटर गणित करतो, पण काम माणूस करतो. नटाची बाह्यरेषा चित्रागणिक कापून वेगळी काढणारा एक जण असतो, त्या कामाला रोटो म्हणतात. नटाच्या कमरेला बांधलेली तार पुसणारा दुसरा, ते प्रेप. कॅमेरा कसा हलला होता ते उलगडून कॉम्प्युटरमध्ये तसाच कॅमेरा बसवणारा तिसरा. धूर, धुकं, पाणी करणारा चौथा. आणि या सगळ्यांची कामं एकावर एक रचून अखेरचं चित्र घडवणारा कॉम्पोझिटर. एका शॉटवर सात-आठ जणांचा हात फिरणं ही रोजची गोष्ट आहे.

## सुपरवायझर वेगळा, प्रोड्यूसर वेगळा

या दोघांत लोकांची नेहमी गल्लत होते. 2020 च्या 'तान्हाजी'साठी प्रसाद सुतार व्हीएफएक्स सुपरवायझर होते. कडा खरा वाटतो का, मशालीचा उजेड चेहऱ्यावर नीट पडतोय का, असल्या प्रश्नांचं उत्तर सुपरवायझरने द्यायचं. प्रोड्यूसरचे प्रश्न निराळे असतात. तो कडा किती दिवसांत होईल, कोण करेल, किती रुपयांत, आणि तो नीट व्हावा म्हणून दुसरं काय सोडून द्यावं लागेल? दोघांची जोडी जमली तर काम तरतं. सुपरवायझरला प्रत्येक शॉट अजून थोडा सुधारायचा असतो आणि प्रोड्यूसरला तो सोडायचा दिवस माहीत असतो. या ओढाताणीतच चांगला सिनेमा तयार होतो, असं मला वाटतं.

कौतुकाच्या वाटणीत मात्र प्रोड्यूसर मागे राहतो. कॉम्प्युटरवर घडवलेला वाघ असलेल्या 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटाचं उदाहरण घ्या. या क्षेत्रातल्या लोकांची व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटी नावाची संघटना आहे, 1997 साली स्थापन झालेली. तिने 2013 मध्ये या चित्रपटाला पुरस्कार दिला तेव्हा मानकऱ्यांमध्ये व्हीएफएक्स प्रोड्यूसर सुझन मॅक्लाऊड यांचं नाव होतं. त्याच चित्रपटाला त्याच महिन्यात ऑस्कर मिळालं, त्या चार नावांत त्या नाहीत. ऑस्करमध्ये एका चित्रपटाची जास्तीत जास्त चारच नावं घेतली जातात आणि ती बहुधा सुपरवायझरांची असतात. हे मला अन्यायाचं वाटतं. पडद्यावरचा तो वाघ जितका कलाकारांचा, तितकाच त्यांना पुरेसे दिवस मिळवून देणाऱ्यांचा.

प्रोड्यूसरही दोन बाजूंना बसतात. एक निर्मात्याच्या बाजूला. ती व्यक्ती सगळं काम वेगवेगळ्या स्टुडिओंना वाटून देते आणि एकूण पैशांवर लक्ष ठेवते. दुसरी स्टुडिओच्या बाजूला. आपल्या वाट्याला आलेले शॉट वेळेत आणि ठरल्या पैशांत बाहेर काढायचे, हे तिचं काम.

## पटकथेपासून आकड्यापर्यंत

चित्रीकरणाच्या कितीतरी आधी पटकथा प्रोड्यूसरच्या हातात पडते. ती वाचताना ओळीओळीवर खुणा होतात. 'पहाट. गडाच्या टोकावर तो उभा आहे. खाली धुक्याने भरलेली दरी.' लेखकाने तीन वाक्यं लिहिली. प्रोड्यूसरला त्यात दिसतं ते असं: नट निळ्या पडद्यासमोर उभा राहणार, दरी नंतर तयार करावी लागणार, सुरक्षेची तार पुसावी लागणार.

मग बोली तयार होते. तिला बिड म्हणतात. तिचं माप आहे मॅन-डे, म्हणजे एका माणसाचा एक दिवस. कल्पनेतला पण रोजच्या कामाशी जुळणारा हिशोब मांडून पाहू. आपल्या गडाच्या शॉटला कॅमेरा उलगडायला 2 दिवस, रोटोला 4, तार पुसायला 3, दरीचं चित्र रंगवायला 5, धुक्याला 6 आणि शेवटच्या जुळणीला 7. एकूण 27 मॅन-डे. असे 400 शॉट असतील तर 10,800 मॅन-डे झाले. महिन्याला कामाचे 22 दिवस धरले आणि हातात सहा महिने असले, तर साधारण 82 कलाकार लागतील.

आता दिग्दर्शकाचं संकलन दोन महिने लांबलं असं समजा. प्रदर्शनाची तारीख हलत नाही, कारण थिएटरं ठरलेली, जाहिराती लागलेल्या. तेच काम चार महिन्यांत करायला 123 माणसं लागतात. वरची 41 माणसं कुठून आणायची? ती मिळाली तरी नवी असतात, त्यांना या चित्रपटाचा रंगढंग कळायलाच काही दिवस जातात. आणि मिळाली नाहीत, तर आहेत त्याच 82 जणांच्या रात्री आणि रविवार जातात. प्रोड्यूसर अनुभवी असेल, तर हा आकडा ती त्याच दिवशी दिग्दर्शकापुढे ठेवते आणि विचारते की कोणते शॉट गाळू या? या कामातलं सगळ्यात अवघड संभाषण हेच, आणि ज्याला ते वेळेवर आणि न चिडता करता येतं, त्याचंच पुढे नाव होतं.

## ठरलेल्या रकमेचा फास

धंदा बुडतो कसा, ते आता सांगता येईल. घर बांधायचं कंत्राट एखाद्याने लमसम, म्हणजे ठोक रकमेत घेतलं असं धरा. भिंती उभ्या राहिल्यावर मालक म्हणाला, स्वयंपाकघर पूर्वेला न्या. कंत्राटदाराने जादा पैसे मागितले, तर मालकाचं उत्तर तयार: पुढच्या तीन इमारती तुम्हालाच द्यायच्या होत्या हो! कंत्राटदार गप्प बसतो आणि भिंत स्वतःच्या खर्चाने पाडतो. व्हीएफएक्समध्ये बहुतेक करार असेच ठोक रकमेचे असतात. रक्कम ठरते चित्रीकरणाच्या आधी आणि चित्रपट आकाराला येतो नंतर. मधल्या काळात प्राणी बदलतो, आभाळाचा रंग बदलतो, शेवट बदलतो.

यावरचा कायदेशीर उपाय म्हणजे चेंज ऑर्डर. काम बदललं की नवी किंमत लिहून घ्यायची, सही घ्यायची आणि मगच हात लावायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात मोठे गिऱ्हाईक मोजकेच आहेत आणि त्यांना दुखावणं स्टुडिओला परवडत नाही. कुठला बदल पोटात घालायचा आणि कुठल्यावर अडून बसायचं, हे स्टुडिओच्या बाजूचा प्रोड्यूसर रोज ठरवत असतो. चार ठिकाणी नको तितकी भीड बाळगली की वर्षाचा नफा गेलाच म्हणून समजा. या धंद्यात नफ्याचं प्रमाण मुळातच कमी असतं.

'लाइफ ऑफ पाय'चा वाघ ज्यांनी केला त्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकी स्टुडिओने ऑस्कर सोहळ्याच्या काही दिवस आधीच दिवाळखोरी जाहीर केली होती. त्यांचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. सोहळ्याच्या संध्याकाळी बाहेर रस्त्यावर शेकडो व्हीएफएक्स कलाकार निदर्शनं करत होते. आत, पुरस्कार घेताना चित्रपटाचे व्हीएफएक्स सुपरवायझर बिल वेस्टेनहोफर यांनी स्टुडिओच्या अडचणीचा विषय काढला, तर संगीत वाजवून त्यांचं भाषण आवरतं घ्यायला लावलं. त्याच चित्रपटातलं जहाज बुडवणारं वादळ एमपीसीने केलं होतं. ती 2025 मध्ये बंद पडली. कोरोनाच्या साथीनंतर न सावरलेला धंदा, 2023 चा हॉलिवूडच्या लेखकांचा संप आणि पैशांची तीव्र चणचण, अशी कारणं टेक्निकलरच्या प्रमुखांनी दिली. एका चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणारे दोन्ही मोठे स्टुडिओ आज नाहीत, आणि कामात ते कमी पडले असं कुणीही म्हणणार नाही.

## मग पडद्यावर कधीकधी इतकं वाईट का दिसतं?

प्रेक्षक चिडून म्हणतात, "व्हीएफएक्सवाल्यांना काही येत नाही." माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा येत असतं, पण वेळ पुरलेली नसते. एप्रिल 2019 च्या अखेरीस 'सॉनिक द हेजहॉग' या चित्रपटाचा ट्रेलर आला. त्यातल्या निळ्या सॉनिकचं रूप, विशेषतः माणसासारखे दात, लोकांना सहन झाले नाहीत. दिग्दर्शकाने काही दिवसांतच रूप बदलण्याचं जाहीर केलं आणि प्रदर्शन नोव्हेंबर 2019 वरून 14 फेब्रुवारी 2020 वर ढकललं. नव्या सॉनिकला प्रेक्षकांनी आपलंसं केलं. तारीख हलली म्हणून हे जमलं. नोव्हेंबरच ठेवून तोच बदल मागितला असता, तर काय दिसलं असतं याची कल्पना करवत नाही.

याच सुमारास 'कॅट्स' हा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर त्याची सुधारित व्हीएफएक्स असलेली प्रत थिएटरांना पुन्हा पाठवावी लागली. म्हणजे तारीख आली तेव्हा काम संपलेलंच नव्हतं.

## काम देशोदेशी का फिरतं?

सॉनिकवर राबलेलं एमपीसीचं व्हँकुव्हरचं ऑफिस चित्रपट लागायच्या आधीच, डिसेंबर 2019 मध्ये बंद झालं. कंपनीने कारण दिलं ते बाजारातल्या दबावाचं आणि इतर ठिकाणच्या अधिक चांगल्या संधींचं. या 'संधी' म्हणजे बऱ्याच अंशी सरकारी करसवलती. ब्रिटनने एप्रिल 2025 पासून व्हीएफएक्सच्या खर्चावर 39 टक्के क्रेडिट लागू केलं. कॅनडाचे प्रांत आपापल्या योजना घेऊन स्पर्धेत आहेत. त्यामुळे बोली तयार करताना प्रोड्यूसर कलाकाराच्या कौशल्यासोबत हेही पाहते की हा शॉट कुठल्या देशात केला तर किती पैसे परत येतात. महाराष्ट्राचं नवं धोरण याच खेळातली चाल आहे. त्यातून काम येईल हे मला पटतं. पण सवलतीमागे आलेलं काम दुसरीकडे मोठी सवलत मिळाली की तिकडे जातं, हेही पालकांनी ओळखून असावं.

मुंबईचं स्थान मात्र नुसत्या सवलतीवर उभं नाही. 1997 मध्ये इथे सुरू झालेल्या प्राइम फोकस या कंपनीने 2014 मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या व्हीएफएक्स स्टुडिओला सोबत घेतलं. आज डीएनईजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कंपनीने 'इंटरस्टेलर', 'टेनेट', 'ड्यून' अशा चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवलीत. फ्रेमस्टोअर आणि आयएलएम या परदेशी व्हीएफएक्स कंपन्याही मुंबईत आल्या. इथे इतक्या वर्षांत हजारो अनुभवी माणसं तयार झाली आहेत, आणि तीच इथली खरी ठेव आहे.

## या खुर्चीपर्यंत पोचायचं कसं?

'व्हीएफएक्स प्रोड्यूसर' अशी पदवी घेऊन कुणी थेट या पदावर बसत नाही. वाट खालून वर जाते. सुरुवात प्रॉडक्शन असिस्टंट किंवा कोऑर्डिनेटर म्हणून होते. सकाळी डेलीज, म्हणजे आदल्या दिवशीचं काम सगळ्यांनी एकत्र पाहणं. सुपरवायझर बोलतो आणि कोऑर्डिनेटर प्रत्येक शॉटखाली शेरे लिहितो. मग दिवसभर ज्याचा शॉट अडला त्याच्याकडे खेपा. कुणाची फाइल आली नाही, कुणाला चुकीची आवृत्ती मिळाली, कुणी आजारी पडलं. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलं जातं ते ऑटोडेस्कचं शॉटग्रिड. त्याचं नाव आता फ्लो प्रॉडक्शन ट्रॅकिंग झालं आहे, जुने लोक त्याला अजून 'शॉटगन'च म्हणतात. त्याच्या जोडीला एक्सेल, आणि तेही भरपूर.

पुढची पायरी प्रॉडक्शन मॅनेजरची. तिथे एकेका शॉटऐवजी सगळ्या टीमचं वेळापत्रक हाती येतं. त्यानंतर असोसिएट प्रोड्यूसर, मग प्रोड्यूसर, आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर किंवा हेड ऑफ प्रॉडक्शन. ही वाट किती दूर जाऊ शकते हे पाहायचं तर व्हिक्टोरिया अलोन्सो यांच्याकडे पाहावं. अर्जेंटिनातून अमेरिकेत आलेल्या अलोन्सो डिजिटल डोमेन या स्टुडिओत व्हीएफएक्स प्रोड्यूसर होत्या. पुढे मार्व्हल स्टुडिओजमध्ये चित्रीकरण, चित्रीकरणोत्तर काम, व्हीएफएक्स आणि ॲनिमेशन या सगळ्यांची सूत्रं त्यांच्याकडे होती. 2023 मध्ये त्यांना तिथून काढण्यात आलं. या क्षेत्रात शिखरावरही पाय स्थिर नसतात.

चित्र काढता येत नसेल तर? चालतं. बीकॉम, बीएमएम, अभियांत्रिकी, कुठूनही लोक येतात. मात्र प्रत्येक विभाग काय करतो, कशाला वेळ लागतो आणि का, हे मुळापासून माहीत हवं. ज्याने कधी रोटो करून पाहिलेलं नाही त्याने केसांचा रोटो दोन दिवसांत मागितला, तर कलाकार त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत. म्हणून क्लासला गेलात तर सगळ्या विभागांचं थोडं थोडं काम हाताने करून पाहाच. संकलनाची ओळख हवी. इंग्रजीत नेमकं आणि सौम्य पत्र लिहिता यायला हवं. आणि आकड्यांची भीती नसावी.

त्रासही आधीच सांगायला हवा. परदेशी चित्रपटावर असाल तर लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. रात्रीच्या मीटिंगनंतर सकाळी पुन्हा डेलीज. सुरुवातीचा पगार कष्टांच्या मानाने कमी वाटतो. नोकरी पुष्कळदा एका चित्रपटापुरती असते. 2023 मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी संघटना करायला कौल दिला, त्यांत कोऑर्डिनेटर आणि असिस्टंटही होते. कामाचे तास आणि वागणूक हा प्रश्न खालच्या पायरीवर जास्त बोचतो. आपल्याकडे अशी बळकट संघटना नाही, आणि ती असावी असं मला मनापासून वाटतं.

## एआय आल्यावर हे काम उरेल का?

जुलै 2025 मध्ये नेटफ्लिक्सने सांगितलं की 'एल एटर्नॉटा' या अर्जेंटिनाच्या मालिकेतलं इमारत कोसळण्याचं दृश्य एआयच्या मदतीने नेहमीपेक्षा दहा पट वेगाने झालं. त्यामुळे काळजी खोटी नाही. सर्वांत आधी आच लागेल ती रोटो आणि प्रेपला, आणि नेमकं तेच काम भारतात मोठ्या प्रमाणावर येतं. आज रोटोवर शिकणाऱ्या मुलांनी दुसरा एखादा विभागही हाताशी ठेवावा, असं मी सांगेन.

प्रोड्यूसरचं काम यातून हलकं होईल असं मात्र दिसत नाही. शॉट लवकर होतो म्हटलं की गिऱ्हाईक दोनऐवजी वीस आवृत्त्या मागतं. पूर्वी सात दिवसांची बोली लागायची तिथे आता किती लावायची, याचं जुनं कोष्टक चालत नाही. एआय ज्या चित्रांवर शिकलं ती कुणाच्या मालकीची, करारात ते चालतं का, नटाचा चेहरा वापरायला त्याची लेखी परवानगी आहे का, हे प्रश्न आता प्रोड्यूसरच्याच टेबलावर येऊन पडतात. शेरे टिपण्यासारखी कोऑर्डिनेटरची काही कामं यंत्राकडे जातील. दिग्दर्शकाला "हे या तारखेला होणार नाही" असं सांगायला मात्र माणूसच लागेल.

## मराठी चित्रपटाला हे परवडेल का?

छोट्या बजेटच्या निर्मात्याची शंका रास्त आहे: आमचे शॉट साठ-सत्तर, त्यासाठी वेगळा माणूस कशाला? पूर्णवेळ नकोच. पण पटकथा पक्की होत असताना अनुभवी प्रोड्यूसरला काही दिवस मानधन देऊन ती वाचायला द्यावी. ऐतिहासिक चित्रपटात तर हे फारच गरजेचं, कारण तिथे सैन्य, किल्ले, धूर सगळंच नंतर भरायचं असतं. दहा हजारांची फौज लांबून एकदाच दाखवायची आणि बाकी लढाई चेहऱ्यांवर खेळवायची, हा निर्णय पटकथेच्या टेबलावर फुकटात होतो. चित्रीकरण झाल्यावर तोच निर्णय घ्यायचा, तर टिपलेले शॉट फेकून द्यावे लागतात. निळा पडदा नीट उजळलेला नसेल, तर रोटोचे दिवस दुप्पट होतात. सेटवर तो उजळायला अर्धा तास लागला असता, आणि तो अर्धा तास मागायला तिथे कुणीतरी उभं असावं लागतं.